ठळक अक्षरात

दत्तोपंत बायकोच्या अस्थी घेऊन सिद्धवटाच्या घाटावर बसले होते. पुढे पंडाजींच्या वंशावळीच्या वहीत, नुकत्याच विलीन झालेल्या एका संस्थानाचे भय्यासाहेब मुलाचं नाव घालून घेत होते.

"सरकार, 'युवराज' कसं लिहू? राज्य तर खतम झालं."

"जर्मनीत राज्यं गेली, तेव्हा वारसांनी पदवी आडनावात घातली. तसंच लिहा. उदाजी युवराज."

"वा, बडे हुशार लोक! खाली कुंवरसाहेबांच्या मुलांसाठी जागा सोडतो."

"नको. लग्न व्हायचं होतं त्याचं. या कलशात तोच आहे."

"अरे राम! मग हे आडनाव पुढे लावणार कोण?"

"कुणी नाही. म्हणून ठळक लिहा."

लिहून झाल्यावर पंडाजी दत्तोपंतांकडे वळले.

"आपलं, बाबूजी?"

"बायको गेली. सुमन नाव. तेही ठळक लिहा."