समुद्राची खोली आणि शिरपूरचे नाना

तुम्ही हसाल, पण बाळंतपणानंतर लागलेली माझी नोकरी वाचवली ती सासऱ्यांनी. अक्षांश आणि समुद्राची खोली दिली की गुरुत्वाकर्षण काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. खोल जाताना ते किंचित वाढायला हवं, माझं घटत होतं. वाटलं, बाळाबरोबर अक्कलही बाहेर पडली. शिरपूरला बोअरची कामं करणारे सासरे, नाना, नातवाला खांद्यावर घेऊन स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पोरी, मी बोअरमा पाइप सोडस, तवय खोली उणे लिखस का?"

समुद्रसपाटीखालची म्हणून मी प्रत्येक खोलीला उणे चिन्ह दिलं होतं! ते काढलं आणि आकडे सरळ झाले.

साहेबांनी विचारलं, "चूक कोणी पकडली?"

"सासऱ्यांनी."

"समुद्रावर काम करतात?"

"समुद्र अजून पाहिलाच नाही, सर. पहिल्या पगारात दाखवणार आहे."