अर्धी गोळी

नाही हो ताई, तसं करू नका — अर्धीनं खाज थांबत नाही म्हणून घरी आपल्या मनानं अख्खी द्यायची, असं नसतं ते. बसा इथं. डॉक्टर आत मांजराला टाके घालतायत, दहा मिनिटं तरी जातील. कुत्रीला घ्या बाकाखाली, फरशी गार आहे, बरं वाटेल तिला. बघू कान — हो, लालच आहे अजून. पोटही. कातडी सोलवटलीय बिचारीची.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई नुसती पट्ट्या बांधणारी, हिला काय कळतं? सतरा वर्षं झाली मला या दवाखान्यात. ती पहारेकऱ्यांची गोष्ट सांगितली असेल ना डॉक्टरांनी तुम्हाला? सगळ्यांना सांगतात. अंगातले पहारेकरी बावचळतात, बाहेरचा चोर सोडून घरच्याच कातडीवर धावून जातात, म्हणून ही आग, ही खाज. गोळी त्यांना खाली बसवते. पण जास्त झाली की ते असे बसतात, असे बसतात — की खरा चोर आला तरी उठत नाहीत. मला पाठ आहे सगळं. पाठ असून काय उपयोग झाला?

आमच्या अण्णांचा होता एक कुत्रा. अण्णा म्हणजे माझे वडील. भोपळ्या म्हणायचे त्याला, वाटोळा होता म्हणून. त्यालाही हेच. दिवसाला एक गोळी लिहून दिली होती डॉक्टरांनी, बरा होत होता हळूहळू. आणि नेमके अण्णा न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. ते खाटेवर, भोपळ्या खाटेखाली — हलायलाच तयार नाही. खाजवायला लागला की त्याचा पाय खाटेला लागायचा, खाट हादरायची, आणि अण्णा ओरडायचे. दिवसभर तेच. त्याला बाहेर बांधलं तर अण्णा जेवत नाहीत. मी इथं दिवसभर उभी राहून घरी जाणार, त्यांचं सगळं करणार, जरा आडवी झाले की खट् खट् खट् — मग एक दिवस दिल्या दोन गोळ्या. दुसऱ्या दिवशीही दोन. काय शांत झालं घर, ताई! अण्णांना झोप लागली. मलाही. खरं सांगू? अण्णांचं नाव पुढे करते मी, पण मला झोप हवी होती.

तीन आठवडे चाललं तसं. मग त्याचा पंजा पत्र्यानं कापला. एवढंसं. मी धुतलं, बांधलं. सूज नाही, पू नाही, म्हटलं छान भरतंय. अहो, सूज यायला आत कुणी उठायला तर हवं ना! हजार जखमा धुतल्या या हातांनी, आणि घरातली कळली नाही. पाचव्या दिवशी खाणं सोडलं त्यानं. उचलून आणला इथं, रक्त मीच काढलं. पांढऱ्या पेशी नावाला. जखमेचं विष सगळीकडे भिनलेलं. दुपारी गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी किती देत होतात?" म्हटलं, "एकच. तुम्ही लिहिली तशी."

असं बघू नका हो. तोंडातून गेलं. नंतर दुरुस्त करता येईल असं वाटलं होतं, पण ते तिथंच स्टुलावर बसले डोकं धरून — म्हणाले, "म्हणजे माझंच प्रमाण चुकलं." पुढे अण्णा त्यांच्या तोंडावर म्हणाले, "तुम्ही मारलंत माझ्या कुत्र्याला." दर रविवारी पत्ते खेळायला यायचे डॉक्टर आमच्याकडे. आता येत नाहीत. अण्णा पत्ते पिसत बसतात एकटेच, आणि मी चहा टाकते.

तेव्हापासून इथं प्रत्येकाला अर्धी. तुमच्या हिलाही. सकाळी मीच बसते गोळ्या मोडत. लोक तक्रार करतात, डॉक्टर म्हणतात, "असू दे, एकदा पोळलोय मी." आणि ही अशी अंग फाडत बसते. आठ महिने झाले या अर्धीला.

हो, कळतंय मला. तुमचा राग बरोबर आहे. ओढू नका तिला, पट्टा मानेला घासतोय. आत जाल तेव्हा एवढंच विचारा, अख्खी चालेल का, रक्त तपासून. म्हणतील, कुणी सांगितलं? तर सांगा, बाहेरच्या बाईनं. नाही — नका सांगू. मीच... संध्याकाळी, दवाखाना बंद करताना — आता काय सांगू, सतरा वर्षांत असं —

सांगा. मी दोन देत होते, हे तुम्हीच सांगा, ताई. माझ्यानं नाही व्हायचं ते.

दार उघडलं बघा. जा. जा ना, मागचे खोळंबलेत.