सतरा किलोची पोर

खेळाच्या सामानाच्या दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते. नवऱ्याच्या हातात ट्रेडमिलचं माहितीपत्रक होतं.

"ताईकडे आहे तीच हवी का तुला?"

"तीच कशाला? ही तिच्या पुढची आहे."

"ठेवणार कुठे?"

"बाल्कनीत."

"आणि पळणार कधी? सकाळी पोरीची वेणी, डबा, शाळेची बस. संध्याकाळी तिचा अभ्यास. भावजींच्या घरी हे सगळं ताई बघते."

"म्हणूनच त्यांना दंड फुगवायला वेळ मिळतो. परवा जेवतानासुद्धा बाह्या वर केल्या होत्या."

"तू जेवायचं सोडून त्यांचे दंड बघत होतास?"

"मी नाही. आपली पोरगी बघत होती."

"बघू दे की. काका आहेत तिचे."

"नंतर जिना चढताना त्यांच्याच खांद्यावर बसली. मी घ्यायला हात पुढे केले, तर म्हणते, नको बाबा, तू दमशील."

"मला बोलला नाहीस ते."

"काय बोलणार? साडू हसत होते."

"साहेब, ट्रेडमिलचं बिल करू ना?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"थांबा जरा," बायको म्हणाली. "डंबेल किती किलोची आहेत तुमच्याकडे?"

"दहा, पंधरा, वीस."

"आपली पोर किती भरली गं परवा?"

"सतरा. दादा, पंधराचं द्या."

"वीसचं द्या. आणि ते मला उचलता येईपर्यंत ताईकडे जायचं नाही."