दिगंबरच्या हाडांत गोदावरीचं बिऱ्हाड

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी! एक विचारतो — आपलं कोण नि परकं कोण, हे ठरवतं कोण? तुम्ही? शेजारीपाजारी? की लग्नपत्रिकेतली नावं? हसा, हसा! पण ऐका.

परभणीकडच्या एका गावात दिगंबर शेवाळे नावाचा गृहस्थ. त्याची धाकटी बहीण गोदावरी. तिनं जातीबाहेर लग्न केलं — झालं! दिगंबरनं दार लावून घेतलं. "आम्हाला ती मेली!" कित्येक वर्षं राखी नाही, भाऊबीज नाही.

आणि दिगंबरला रक्ताचा कर्करोग झाला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "शरीर म्हणजे पेशींची वस्ती. पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण तिला पातळ पडद्याची भिंत असते, आत केंद्रक, त्यात सगळा आराखडा. रक्ताच्या पेशी हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, जन्मतात. तुमचा तो मगजच बिघडलाय. ज्यांच्यापासून नवं रक्त बनतं, त्या मूळपेशी दुसऱ्याच्या हव्यात. सख्खं भावंड आहे कुणी?"

दिगंबरनं मान खाली घातली! बायको बोलली, "आहे. माझी नणंद."

आणि गोदावरी आली. आली हो, मंडळी! तपासलं — तिच्या पेशी त्याच्याशी जुळल्या, रक्तगट तेवढा वेगळा. दिगंबर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "गोदे, कशाला आलीस?"

"दादा, भांडायला तरी तू उरायला हवास ना!"

औषधांनी त्याच्या हाडांतला मगज रिकामा केला. मग तिच्या मूळपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडल्या. त्यांना वाट कुणी दाखवली? कुणीच नाही! फिरत फिरत त्या हाडांत शिरल्या. पण काम सुरू होईना. अंगात ताप, तोंडात फोड. बायकोनं देव पाण्यात ठेवले. गोदावरी त्याच्या खोलीच्या काचेबाहेर बसून राहिली. आणि एका सकाळी डॉक्टरीणबाई हसत आल्या — "नव्या पेशी दिसल्या!"

काही महिन्यांनी त्या म्हणाल्या, "तुमचा रक्तगट बदलला. आता बहिणीचा तोच तुमचा." ढसाढसा रडला हो तो! परतताना गाडी गोदावरीच्या दारात थांबवली. "गोदे, भाकरी वाढ." ज्या मेहुण्याचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं, त्यानं पाट मांडला.

मंडळी, रक्तातली तांबडी पेशी मोठी झाली की काय करते? आपलं केंद्रकच टाकून देते! का? प्राणवायूला जास्त जागा व्हावी म्हणून. इवलीशी ती — तिला जमतं! आणि आपण? आपण काय टाकलं? बोलणं टाकलं — भावाशी, सुनेशी, शेजाऱ्याशी!

माझ्याकडे बघू नका. तुम्हाला आत्ता एक दार आठवलंय. आरती थांबेल हो — आधी ते दार वाजवून या!