बेबीच्या आईचं वय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय राजारामपंत, आपण सारे ज्यांना निरोप द्यायला जमलो ते डॉक्टर शामराव आजगावकर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौभाग्यवती लक्ष्मीबाई, दवाखान्याचे चिटणीस दत्ताराम सावंत, आणि उकाड्यात इतका वेळ तग धरून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी व्यासपीठावर चढताना दत्ताराम कानाशी म्हणाले, "बाई, पाच मिनिटं. आणि जरा सांभाळून हां." पाच मिनिटांचं मी बघते. दुसऱ्या गोष्टीचं वचन देत नाही. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, गेल्या वर्षी तिथून निवृत्त झाले, आणि सांभाळून बोलायचं तेवढं शिकायचं राहून गेलं.

डॉक्टरांबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. परळच्या या धर्मादाय दवाखान्यात त्यांनी एकवीस वर्षं मुलं तपासली. छप्पन साली जानेवारीत संचारबंदी होती, गिरगावात खिडकी उघडायची चोरी, तेव्हाही हा माणूस पास काढून रुग्णांच्या घरी जात होता. पण त्यांचं वेगळेपण कशात होतं? जी मुलं बोलत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, आपल्याच तंद्रीत एकच खेळ वर्षानुवर्षं खेळतात, त्यांना सारी मुंबई वेडी म्हणत होती. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणाले. परदेशी मासिकात वाचलेला नवा शब्द. औषध नाही, उपाय नाही, नुसता शब्द. पण आपल्या मुलाला शिवीखेरीज दुसरा काही शब्द आहे, हे ऐकून दवाखान्याच्या बाकावर बायका रडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता जरा अध्यक्षांकडे वळते. राजारामपंत, मघाशी आपण भाषणात म्हणालात, "उतारवयात संततीचा मोह धरला, की देव असं मूल पदरात टाकतो." पुढच्या रांगेत दोघेतिघे हसले. आपण वडीलधारे आहात, म्हणून एवढंच विचारते. हे आपल्याला कुणी सांगितलं? देवाने, की चिटणिसांनी छापलेल्या या पत्रकाने?

पत्रक प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलं आहे. दुसरं पान काढा. डॉक्टरांनी तपासलेल्या अशा एकतीस मुलांचा तक्ता आहे. बाळंतपणाच्या वेळी आईचं वय काय होतं? विशीच्या आतल्या सात. वीस ते तीस, पंधरा. तीस ते चाळीस, सात. चाळिशीच्या पुढच्या दोन.

विशीच्या आतल्या सातांमध्ये लालबागच्या रमाबाई आहेत. त्या मागे, दाराजवळ बसल्या आहेत. त्यांचा मुलगा झाला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. उतारवयावरून त्यांना बोल लावता येईना, म्हणून सासूने ग्रहण काढलं. गरोदरपणी ग्रहणात विळीला हात लावलास, म्हणे. म्हणजे आई सतराची असो की सत्तेचाळीसची, बोट दाखवायला माणसांना काहीतरी सापडतंच.

रमाबाई आणि मी चार वर्षं शुक्रवारी एकाच बाकावर बसत होतो. त्यांच्याजवळ त्यांचा मुलगा, माझ्याजवळ आमची बेबी. बेबी माझा मुलगा मनमोहन आणि सून उर्मिला यांची मुलगी, हे ठाकूरद्वारला सगळ्यांना ठाऊक आहे. बेबी तेव्हा आठ वर्षांची होती. एक दिवस मी तिला केळं भरवत होते, आणि रमाबाई हळूच म्हणाल्या, "बाय, तुमी तिची आजी नाय."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"आजी घास भरवता आणि तोंड पुसता. तुमी तिच्या तोंडाकडे बघत रवतास, कधी बोलात म्हणान. तुमी आवस तिची."

आवस म्हणजे आई. मी त्यांना काहीतरी तुसडं बोलले. पुढचे दोन शुक्रवार दुसऱ्या बाकावर बसले.

दत्ताराम, घड्याळ बघू नका.

पत्रकातला तो तक्ता चुकला आहे. चूक डॉक्टरांची नव्हे, माझी आहे. वीस ते तीसच्या रकान्यात पंधराचे चौदा करा. चाळिशीच्या पुढे दोनचे तीन करा.

अठ्ठेचाळीस साली मी चव्वेचाळीस वर्षांची होते. घरात नवी सून येऊन सहा महिने झाले होते. सुनेचे डोहाळे पुरवायच्या दिवसांत सासूलाच दिवस गेले, तर आमच्या जातीत काय होतं हे मी सांगायला नको. आमचे अण्णा, म्हणजे माझे यजमान, तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाले, "तू उर्मिलेला घेऊन केळव्याला जा. येताना मूल तिच्या मांडीवर असू दे." मी शाळेत आजारपणाची रजा टाकली. आम्ही दोघी गेलो आणि तिघी आलो. उर्मिला वीस वर्षांची होती. तिला हो की नाही, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

बावन्न साली बेबीला या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी वही उघडली. "बाळंतपणाच्या वेळी आईचं वय?" मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "वीस." "आपण कोण?" मी म्हटलं, "आजी." उर्मिला खाली बघत होती.

लहानपणी मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या नन्स आम्हाला सांगायच्या, कबुली जाळीआडून द्यावी, म्हणजे लाज वाटत नाही. मी हिंदू मुलगी, मला ती जाळी कधी मिळाली नाही. म्हणून आज ही अशी, पंख्याखाली.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं होतं, "आईबापांचं वय झालं की असं होतं का हो?"

ते म्हणाले, "तुम्ही का विचारता? तुमची सून तर विशीतली."

"सहज."

"शंका येते मला. थोडा संबंध असेलही. पण एकतीस मुलांवरून शंका घेता येते, निकाल देता येत नाही. आणि उद्या संबंध ठरला, तरी उशिरा आई होणं हा गुन्हा आहे का, बाई?"

त्या दिवशी परळहून मी ट्राममधून उभ्याने आले. बसायला जागा होती, हे उतरल्यावर लक्षात आलं.

डॉक्टर, आपण हा तक्ता मासिकाला पाठवणार आहात. ज्या प्रश्नाचं उत्तर मी आपल्याला विचारत होते, त्याच प्रश्नात मी खोटं वय घातलं होतं. आज ते खरं करते आहे, आणि त्याने राजारामपंतांच्या बाजूला एक मूल वाढतं, हे मला कळतं. वाढू दे. पण आणखी एक रकाना काढा. या तक्त्यात बापांचं वय कुठे आहे? एकतीस मुलं काय एकट्या बायकांनी आणली? सत्तावन्न लिहा. अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली, ते हरकत घेणार नाहीत.

निर्णय त्यांचा होता, पण बारा वर्षं भोगलं उर्मिलेने. हळदीकुंकवाला तिला बोलावतात, पण ओटी भरायला पुढे करत नाहीत. न जाणो, तिच्या हातचं लागलं तर. हे माझ्यादेखत होत होतं आणि मी तिथे बसून पन्हं पीत होते. उर्मिले, क्षमा मागायची ती तुझी. बाकीच्यांची नंतर.

आणि बेबी. मोर्चे ठाकूरद्वारवरून जायचे तेव्हा ती खिडकीच्या गजावर बोटांनी घोषणेचा ठेका धरायची. मोर्चा लांब गेला तरी तिचा ठेका चालू. मी मागे उभी राहून ऐकायची. जिला ठेका येतो तिला दोन अक्षरं येतील, असं वाटायचं. या महिन्याच्या पहिल्या तारखेला मोर्चेवाल्यांनी मागितलेलं राज्य मिळालं. आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही खाल्ले. बेबी खिडकीशी होती, बोटं थांबवून.

डॉक्टर, आता वेंगुर्ल्याला राहायला चाललात, तिथली हवा आपल्याला मानवो. दवाखान्याचे, समितीचे, आणि मला त्या बाकावर पुन्हा जागा करून देणाऱ्या रमाबाईंचे आभार. माझ्या जिभेने कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. राजारामपंत, आपणही.

जाण्यापूर्वी फक्त ती जुनी वही मागवा. तिथे आजी लिहिलं आहे, ते मी माझ्या हाताने खोडते.

उर्मिले, तिला इकडे पाठव. ती पत्रकांची रांग लावते आहे, ती पुरी होऊ दे, घाई करू नकोस. तिने मला हाक मारावी अशी आशा आता मी धरत नाही. पण पाठवताना तिला मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आईकडे जा, म्हणून सांग.