पदराच्या टोकाला नाव

...नाही, ते हिरवं राहू द्या, इहीणबाई. हे जांभळं पाहा, रंग पक्का आहे. उभ्या काऊन, बसा ना. तुमची अन्नपूर्णा आमच्या पंजाबभाऊजीले दिली म्हणजे दुकान तुमचंच — लग्नाचा बस्ता दुसरीकडं कसा बांधाल? खाली भांडे, चपला, सुई-दोरा, वर लुगडे. साऱ्या बुलढाण्यात असं दुकान नाही. सुरू कसं झालं? पाव्हण्यायले सांगतोच आम्ही — मामंजी, म्हणजे उत्तमराव, डोक्यावर गाठोडं घेऊन धाड गावच्या बाजारात बसत. मग इथं एक खोली घेतली. खोली झाली, पण फळ्या रिकाम्या — आणि रिकाम्या दुकानाची पायरी कोण चढते? त्याच साली माझं लग्न झालं. अकरा लुगडे होते माझे, आईनं एकेक निवडलेलं. आत्याबाई म्हणाल्या, सूनबाई, चार दिवस फळीवर ठेवू, शोभेले. सोळा वर्सांची होती मी, नाही कसं म्हणू? — आणि शोभेलेच ठेवले होते हो, पण मग गिऱ्हाईक आलं...

माझं काही म्हणणं नाही. दुकान उभं राह्यलं ना? फक्त दोन वर्सांनी देऊळगावराजाले, बालाजीच्या यात्रेत, एक बाई माझ्यापुढं रांगेत — अंगावर माझा शालू. पदरावर माझ्याच हळदीचा डाग. मी काय केलं? काही नाही. दर्शनाचंही भान राह्यलं नाही, तो पदर पाहत राह्यली.

आता तर दुकान भरलेलं आहे, आता सुनेचे लुगडे काऊन कोणी घेईल, म्हणता? — मीही तेच समजत होती. पण महाराष्ट्र झाला त्या साली मधली जाऊ आली, तिचेही नऊ गेले. सुनेच्या बस्त्यानं बरकत येते, म्हणतात, रीतच पडली. तिचे लुगडे मीच घडी घालून फळीवर लावले. ह्याच हातानं. ती दारात उभी राहून पाहत होती. तुम्ही इथून घेऊन जाल आणि पंधरा दिवसात ते इथंच —

नका, मोडायचं नका बोलू. पत्रिका वाटल्या, पोरीचं नाव खराब होईल. भाऊजी चांगले आहेत, लेकरासारखे वाढवले मी. तुम्ही एकच करा — प्रत्येक लुगड्याच्या पदराले, टोकाशी, अन्नपूर्णाचं नाव दोऱ्यानं भरा. बारीक टाके, दाट. उसवलं तर भोकं दिसतात, मग कोणी घेत नाही. माझ्या आईले हे कोणी सांगितलं नाही...

जिना वाजला. डोळे पुसा — पुसा लवकर.

हाव आत्याबाई, रंगच दाखवून राह्यली! जांभळं पसंत आहे त्यायले. — इहीणबाई, सुई-दोरा खालच्या काउंटरवर भेटते. जा तुम्ही.