कट्ट झाल्यावर अजून अर्धा आटा

...नाई पन मी काय म्हन्ते, कट्ट वाजलं ना? वाजलं! साऱ्यायले आयकू आलं, भिंतीपलीकडं गीतांजली पापड लाटून राह्यली होती तिले आयकू आलं, मंग हात काढून घ्याव का नाई मानसानं? तुमीच सांगा! पन आमचे हे... दीक्षाचे बाबा... नागसेन नाव हाय, एरवी कोनाच्या अध्यात ना मध्यात, भाजीत मीठ नसलं तरी चूपचाप जेवतेत... पन हातात पाना आला का एकच, "थांब, अजून अर्धा आटा!"

अन् मानूस वाईट नाई बरं का. सव्वीस वर्सं पानीपुरवठ्यात फिटर हायेत, पाइपाचे जोड आवळता आवळता केस पांढरे झाले. नोकरीच्या पयल्याच महिन्यात एक जोड ढिला राह्यला म्हने, सकाळी पानी सोडलं तं अशी पिचकारी उडाली का समोरच्या घरातल्या गाद्या भिजल्या, दळन भिजलं, एक म्हातारी खाटेसकट भिजली! त्या म्हातारीनं ज्या शिव्या देल्ल्या त्या यायच्या कानात अजून हायेत. तवापासून कोनताबी नट म्हना, बोल्ट म्हना, यायले ढिलाच वाटते. पोरगी पाचवीत असतानी सायकलचं सीट यायनं आवळलं, ते बारावीपावतर वर झालंच नाई... पोरगी वाढली, सीट तठीच! गुडघे हँडलले लागत पोरीचे, पन सीट हललं का? हलते कायचं!

तं झालं असं, दीक्षाले ऑर्डर आली. क्लार्क! नांदगाव खंडेश्वरच्या तहसीलात, सोमवारी दहाले हजर व्हा म्हने. घरात पेढे, फोनवर फोन, अन् हे? हे कोपऱ्यात बसून ऑर्डर वाचून राह्यले... एकदा, दोनदा, पाचदा. म्या म्हटलं, "अवो, काय शोधून राह्यले तिच्यात?" तं म्हन्ते, "आबा असते तं..."

आबा म्हंजे माहे सासरे, बुधाजी. नांदगावकडचेच. तो जो अमरावतीवरून नांदगावले जाते ना रस्ता, त्या रस्त्याच्या कामावर त्यायनं गिट्टी फोडली, सासूबाईनं टोपल्यानं डोक्यावर वाह्यली, अन् हे लहानपनी त्याच गिट्टीच्या ढिगावर बसून भाकर खात. तवा यायच्या मनानं घेतलं... म्हन्ते, "ज्योत्स्ना, त्या रस्त्यानं आपली पोरगी आपल्या गाडीत जाईन. तहसीलच्या दारात उतरन. मी दार उघडून देईन." आता सांगा, याच्यावर काय बोलाव बाईनं? म्या पदरानं डोळे पुसले अन् म्हटलं, बरं.

पन गाडी! बारा वर्सं जुनी, सेकंड ह्यांड, अन् तिले नेमकं तवाच गरम व्हाचं होतं! दहा दिवस आंगोदर इथंच, अकोल्याच्या जठारपेठीत बंद पडली, पांढरा धूर, धूर म्हंजे असा धूर का पानठेल्यावाला पानी घेऊन धावला! खुशालराव मेकॅनिकनं पाह्यलं, म्हने, "नागसेनभाऊ, हेडचं गॅस्केट गेलं, इंजिनाच्या वरच्या जोडातली पट्टी. पन माह्या घरी पोरीचं लग्न हाय, पंधरा दिवस मी पान्याले हात लावत नाई." पंधरा दिवस! अन् जॉइनिंग दहा दिवसांवर!

"मंग मीच करतो," हे म्हने. "जोडच तं हाय, पानी नाई गळलं पाह्यजे, बस!"

खुशालराव बिचारा भला मानूस, त्यानं लग्नाच्या गडबडीतबी समजावून सांगतलं. म्हने, "भाऊ, हे पाइप नोहे, इंजिन हाय. हेडचे दहा बोल्ट असतेत, ते मधातून बाहीर, पाळीपाळीनं आवळाचे, एका दमात नाई. हा माहा टॉर्कचा पाना घेऊन जा, जितकं पाह्यजे तितकं आवळलं का तो कट्ट वाजते. कट्ट झालं का हात काढाचा. अन् बोल्ट नवे टाकजा! हे बोल्ट एकदा आवळले का लांबतेत, दुसऱ्यांदा दगा देतेत."

यायनं पाना घेतला. गॅस्केट नवं आनलं. अन् बोल्ट? "अवो, लोखंड हाय ते, कडीपत्ता नोहे का एकदा वापरला अन् फेकला! आटे पाह्य कसे साबूत हायेत."

तुमाले सांगते, ते दहा बोल्ट त्या मानसानं रॉकेलात बुडवले, जुन्या ब्रशानं आटा न् आटा घासला, पुसले, तेल लावलं... माह्या पोरीच्या बारश्याले मी इतकी मालिश केली नसन! अन् सुकाले कुठं ठेवले? माह्या पोळपाटावर! लायनीनं उभे! मी आली कनीक घेऊन, पाह्यते तं काय, आठ जन सारखे अन् दोन जन जराशे उंच. पंचवीस वर्सं पोळ्या करून राह्यली, माह्या नजरेले कमीजास्त तवाच कळते. म्या म्हटलं, "अवो, हे दोघं लांबले वाटते." तं डोळे बारीक करून पाह्यलं, पुन्हा पाह्यलं, अन् म्हन्ते काय, "तुहा पोळपाटच वाकडा हाय." 

माह्या माहेरचा पोळपाट! वाकडा! मी कनीक घेऊन तशीच मांगं फिरली.

रविवारी दुपारी आंगनात बैठक. दीक्षा मोबाइलवर बोल्टायचे नंबर घेऊन उभी, मी पंखा घेऊन उभी, हे इंजिनावर वाकलेले. ती वाचे, "बाबा, एक नंबर." हे पाना फिरवत... कट्ट! "झालं बाबा." "थांब, अजून अर्धा आटा." "दोन नंबर." कट्ट! "झालं ना बाबा!" "अजून अर्धा आटा." पोरगी म्हने, "बाबा, कट्ट झाल्यावर थांबाचं असते, काका म्हने ना!" तं हे म्हन्ते, "कट्ट पान्याचं झालं, माह्या हाताचं नाई झालं." आता या हाताले कोन समजावन? सव्वीस वर्सं त्या हातानं असंच केलं, अन् सव्वीस वर्सं साऱ्या गावाले पानी भेटलं! मशीन म्हन्ते पुरे, अन् हातात ती म्हातारी ओरडून राह्यली, "मेल्या, ढिलं सोडलं!"

तीन झाला, चार झाला, पाच, सहा... घाम असा निथळून राह्यला का मी पंखा हालवू हालवू थकली. सात नंबर. कट्ट! अजून अर्धा आटा... अन् टन्नऽऽ!

तो आवाज कट्टचा नोहता.

बोल्टाचं डोकं यायच्या हातात, अन् धड इंजिनात! गीतांजलीचं लाटनंबी थांबलं. म्या पाह्यलं तं तो उंचवाल्यायपैकीच एक होता... जिभेवर आलं होतं माह्या, अगदी जिभेवर! पोळपाटाचा हिसाब चुकता कराची संधी चालून आली होती. पन त्या मानसाचं तोंड पाह्यलं अन् गिळलं. ते डोकं तळहातावर घेऊन असे बसले होते, जसा काई त्यायनं बोल्ट नाई, पोरीचं नशीबच तोडलं. मंग उठले, मोरीवर गेले, साबनानं हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. काळं निघालं होतं कवाचं, तरी धुवून राह्यले. म्हन्ते, "साऱ्या गावाचे जोड जुळवले म्या. माह्या पोरीच्या टायमाले..."

दीक्षा जवळ गेली. म्हने, "बाबा, इष्टीनं जाऊ ना. तुमी आले म्हंजे झालं."

"मी कायले येऊ? गाडी नाई, काई नाई."

"मले गाडी काय कराची हाय? मले तुमी पाह्यजे."

मंग त्यायनं तोंड फिरवलं भिंतीकडे. मीबी पंखा उगाच जोरानं हालवला.

सोमवारी पहाटे तिघंबी इष्टीत. अन् ती इष्टी! बाप्पा रे बाप्पा, खिडकी वाजते, सीट वाजते, पत्रा वाजते, दार तं दोरीनं बांधलेलं! यायले घडीभर चैन नाई. पुढच्या सीटचा एक बोल्ट ढिला दिसला, मंग काय, अमरावतीपावतर बोटानं आवळून राह्यले! कंडक्टर म्हन्ते, "काका, काय करून राह्यले?" म्हने, "काई नाई, अर्धा आटा." पन अमरावतीवरून दुसरी गाडी नांदगावच्या रस्त्याले लागली ना, तसा हात थांबला. खिडकीले कपाळ लावून पाहून राह्यले. दीक्षाले म्हने, "इथं ढीग होता. मी इथं बसो." डांबराचा सपाट रस्ता, ना ढीग, ना काई. पन पोरीनं वाकून पाह्यलं, अन् बापाचा हात धरला. गाडीत गेलो असतो तं यायचे डोळे स्टेअरिंगवर राह्यले असते, हे कुठं दिसलं असतं?

दहाले दहा कमी होते, पोरगी तहसीलात शिरली. गाडीचं दार नोहतं, तं यायनं फाटकच उघडून देल्लं. वर शिपायाले म्हने, "माही पोरगी हाय." त्यानं इचारलंबी नोहतं!

परतीच्या इष्टीत बसलो, दुपार झाली, फोन आला. दीक्षा! मले वाटलं, काय झालं बाई... तं म्हन्ते, "आई, डब्ब्याचं झाकन बाबानं लावलं काय?" घ्या! पाटोडीचा रस्सा होता ना, सांडला अन् ऑर्डरले डाग पडला तं, म्हनून निघता निघता यायनं फिरवलं वाटते. तहसीलातल्या साऱ्यायनं लावून पाह्यलं म्हने. पयले मोठ्या बाबूनं, मंग शिपायानं, मंग दाखल्यासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या बाबाजीनं धोतरात धरून... शेवटी जीपच्या ड्रायव्हरनं पाना आनला तवा उघडलं! अन् डब्बा उघडला तं सारेच बसले जेवाले. पयल्याच दिवशी पोरगी साऱ्या कचेरीच्या वळखीची झाली!

मी म्हनो, आता तरी या मानसाले लाज वाटन. यायनं फोन हिसकला, अन् इचारलं काय? "रस्सा गळला काय बेटा?"

"नाई बाबा. एक थेंबबी नाई."

फोन ठेवला, अन् असं पाह्यलं माह्याकडे... असं पाह्यलं! दोन दिवसात पयल्यांदा त्या तोंडावर हासू आलं होतं. खुशालरावले नवे बोल्ट मांगाचा इषय म्या तवा काढलाच नाई. उन्हानं घसा सुकला होता, म्हटलं, घोटभर पानी प्याव, म्हनून पिशवीतून बाटली काढली...

तिचं झाकनबी त्यायनंच लावलं होतं. अकोल्यापावतर तसीच बसली, तहानलेली.